वीतभर खाली

बूफल्जानं बरकाच्या डोक्यात खोरं घातलं ते दांड्याच्या बाजूनं. पात्याला त्यानं सकाळीच धार लावली होती, दिवसभराचं खणायचं पडलं होतं, आणि ती धार दाजींच्या टाळक्यावर बोथट करायची त्याची तयारी नव्हती.

"दाजी, जरा खाली बघा," असं म्हणून त्यानं घातलं. बरकानं खरंच खाली बघितलं.

बहिणीच्या नवऱ्याशी एकेरीत बोलायचं नाही, असं बूफल्जाच्या आईनं मरताना बजावलं होतं. हाणायचं नाही असं ती काही बोलली नव्हती.

बरका दोन पावलं मागं गेला आणि स्वतःच खणलेल्या चरात बसला. डोक्याला हात लावला, हात डोळ्यांपुढं धरला, लाल दिसला.

"ह्ये मोरीपायी मारलंस का मागचं काही राहिलं होतं?"

"मोरीपायी. मागचं अजून हायेच."

"बरं," असं म्हणून बरकानं बसल्या जागेवरून भिंतीच्या मातीचं एक ढेकूळ उचललं आणि फेकलं. ते बूफल्जाच्या तोंडावर बसलं. बूफल्जानं तळहातावर थुंकून बघितलं, तर पुढचा दात. तो त्यानं झग्याच्या खिशात टाकला. मग दोघंही आपापल्या बागेत जाऊन खणायला लागले, कारण ऊन वर यायला लागलं होतं आणि खजूर उतरून बावीस दिवस झाले होते.

तिनझूलमध्ये पाऊस पडतो तो म्हाताऱ्यांच्या गप्पांत. बाकी पाणी येतं ते पठाराच्या पोटातून, बापजाद्यांनी खणलेल्या भुयारातून, अंधारात दोन कोस चालत. गावात आलं की दगडी कंगव्याच्या दातांतून त्याच्या धारा होतात आणि ज्याची धार त्याच्या पाटाला लागते. हे भुयाराचं पाणी दरसाल बोटभर खाली जातं. माणसाला चढ चढता येतो, पाण्याला येत नाही. म्हणून पाणी खाली गेलं की पाट खाली न्यायचा, आणि पाट खाली नेला की बागही खाली न्यायची. बूफल्जाच्या आजोबाच्या काळी बाग रस्त्याच्या पातळीला होती. बापाच्या काळी तिथं उतरायला चार पायऱ्या झाल्या. आता अकरा होत्या, आणि वरून जाणाऱ्याला बूफल्जा म्हणजे एक हलणारा फेटा तेवढा दिसायचा.

बाग खाली न्यायची म्हणजे नुसतं खणणं नव्हे. आधी वरची काळी माती खरवडून एका अंगाला लावायची. तिच्यात तीन पिढ्यांची गाढवाची लीद, चुलीची राख, खजुराचा पाला कुजलेला असतो. ती सोन्यासारखी जपायची. मग खालची पिवळी वाळू खणायची, पाट्या भरायच्या, अकरा पायऱ्या चढून वर टाकायच्या. मग काळी माती परत अंथरायची. मग वाफे आखायचे, लांबीला दोन हात, रुंदीला दीड. कडेच्या मेरा चापून चोपून वीतभर उभ्या करायच्या आणि आतला तळ ताटासारखा सपाट, म्हणजे पाणी एका कोपऱ्यात जाऊन रुसत नाही. वाफा वाटेपेक्षा खोल हवा. उंच वाफा केला तर वारा दुपारपर्यंत त्याचं वाळवण करतो.

यंदा पंचांनी गावचा पाट वीतभर खाली घेतला, म्हणून सगळ्यांनी बागा वीतभर खाली घ्यायच्या ठरल्या. खजूर उतरल्यापासून चाळिसाव्या दिवशी पाटकरी हाजी लमीन बागा बघत फिरायचा. रिवाज असा, की त्या दिवशी निदान एका वाफ्यात उभं पाणी पाहिजे. हाजी त्यात बोट घालायचा. बोटाचं एक पेर बुडालं तर तुमचं पाणी तुमचं. नाही बुडालं तर तुमची धार कंगव्यावरच वळवून मशिदीच्या बागेला. बूफल्जाच्या घरात पाच तोंडं होती आणि कांदा, गाजर, सलगम, वाल, सगळं त्या एका धारेवर. धार गेली की बाग म्हणजे अकरा पायऱ्यांचा खड्डा.

आता मोरीचं.

बरका नुसता दाजी नव्हता, चुलतभाऊही होता. आजोबाची बाग दोघांत वाटली तेव्हा मध्ये मातीची भिंत घातली, पण पाण्याचा हौद एकच राहिला. भिंतीच्या एका टोकाशी हौद, त्याला दोन मोऱ्या, एक इकडं, एक तिकडं. रात्रभर हौद भरायचा. एक दिवस बूफल्जानं आपल्या मोरीचा चिंध्यांचा बोळा काढून दारं धरायचं, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायचं, दुसऱ्या दिवशी बरकानं. चाळीस वर्षं असंच चाललं होतं.

यंदा वीतभर खाली जायचं तर बरका दीड वीत गेला, आणि मोरीही तेवढीच खाली घेतली. बूफल्जाच्या ध्यानात आलं ते हौदातल्या बेडकामुळं. बूफल्जाची पाळी संपली की बेडूक अर्ध्या वीत पाण्यात मजेत पोहत असायचा. बरकाची पाळी संपली की तोच बेडूक तळाच्या चिखलावर, घर गेल्यासारखं तोंड करून बसलेला असायचा. म्हणजे बूफल्जाच्या मोरीच्या खाली जे अर्धी वीत पाणी उरायचं, ते दुसऱ्या दिवशी दाजींच्या मोरीतून दाजींच्या बागेत.

"मोरी खाली घेतली व्हय, दाजी?"

"म्या? माती आपसूक खचली."

"मातीवर खोऱ्याचे वार हायेत."

"मग कुणी तरी खचताना बघून मदत केली असंल."

त्यावर ते दांड्याचं झालं.

दुसऱ्या दिवशी बूफल्जानं आपली मोरी बरकाच्या मोरीपेक्षा दोन बोटं खाली घेतली. मोरी खाली घेतली म्हणजे बागही खाली घेणं आलं, नाहीतर मोरीतलं पाणी वाफ्यात चढणार कसं. त्यानं दोन दिवस खणून बाग दोन बोटं खाली नेली. तिसऱ्या दिवशी बेडूक बूफल्जाच्या पाळीनंतरही चिखलावर बसलेला दिसला. चौथ्या दिवशी बरका चार बोटं खाली गेला.

इथून पुढं दोघांचंही वाफे आखायचं राहून गेलं.

हद्दा, बूफल्जाची बायको, पायरीवर उभी राहून दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अवं, बाग करायची हाय का कबर?"

"दाजींनी थांबवलं तर म्या थांबतो."

"त्ये बी ह्येच म्हनत्यात. आत्ताच मी वन्संशी बोलले."

"मग त्येंनी आधी थांबावं. वयानं मोठे हायेत."

वाळू टाकायचा प्रश्न होता. पाटी भरून वर चढेपर्यंत समोरचा दहा घाव मारतो, हे दोघांच्याही लक्षात आलं. मग बरकानं वाळू भिंतीवरून बूफल्जाच्या बागेत टाकायला सुरुवात केली. बूफल्जानं ती उचलून परत तिकडं टाकली, आपलीही थोडी घालून. बरकानं ती सगळी इकडं टाकली. पाच दिवस तीच वाळू भिंतीवरून ये-जा करत होती. वाळूबरोबर दगड जायला लागले, दगडांबरोबर जुन्या मडक्यांचे तुकडे, आणि एकदा बरकाच्या बाजूनं एक जिवंत विंचू आला. बूफल्जानं तो खोऱ्यावर घेतला आणि "दाजी, तुमचं कायतरी राहिलं" म्हणून परत केला.

पलीकडून बरकाचा आवाज आला, "पायाला चावला रं."

"ओळखीचाच व्हता, दाजी."

बरकाचा पाय पोटरीपर्यंत सुजला. एक दिवस तो नुसता बसून खणत होता.

मजा अशी, की हद्दा आणि तेब्रा यांचं काही थांबलं नव्हतं. तेब्रा बूफल्जाची थोरली बहीण, बरकाची बायको. भिंतीला छातीएवढ्या उंचीवर एक भोक होतं, त्यातून दोघी देवघेव करायच्या. नवरे इकडं एकमेकांच्या बरगड्या मोजायचे आणि भोकातून कुसकुसचं ताट जायचं.

"वन्सं, मीठ जरा जास्त झालंय."

"असू दे वहिनी, ह्येंचे व्हट फुटलेत. त्येंना कळायचं न्हाय."

हाजी लमीन एकदा मध्ये पडायला आला. पाणी वाटून वाटून पिकलेला माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. त्यानं भिंतीच्या टोकावर उभं राहून "माझ्या लेकरांनो" एवढंच म्हटलं, आणि दोन्ही बाजूंनी निघालेली एकेक पाटीभर वाळू, दगडांसकट, त्याच्या अंगावर एकदमच येऊन पडली. तो भिंतीवरून खाली पडला आणि उजवा हात कोपराशी मोडला. कुणाच्या पाटीनं पडला यावरून परत दोघांची जुंपली. बरकानं बूफल्जाचा अंगठा चावला तो हाडापर्यंत. बूफल्जानं बरकाच्या सुजल्या पायावर उडी मारली. हाजी तिथंच पडून होता. शेवटी त्याला हद्दानं गाढवावर घातलं. तेव्हापासून हाजी गळ्यात हात अडकवून सहाव्या पायरीवर थांबायचा आणि जे सांगायचं ते तिथूनच सांगायचा.

सदतिसाव्या दिवशी पहाटेची बांग झाल्यावर बूफल्जा हौदावर गेला. पाळी त्याची होती. हौदात पाणी नव्हतं. दोन्ही मोऱ्या एकमेकींच्या खाली जाता जाता हौदाच्या तळाखाली गेल्या होत्या. आजोबानं हौदाच्या तळाला हातभर जाड चिकणमाती पायांनी मळून बसवली होती, ती दोन्हीकडून पोखरली गेली होती. रात्री केव्हा तरी तिच्यात एक भगदाड पडलं आणि रात्रभराचं पाणी खालच्या वाळूनं पिऊन टाकलं. बेडूक भगदाडाच्या काठावर बसला होता.

भिंतीपलीकडून बरका आला. दोघंही हौदात उतरले आणि भगदाडाकडं बघत उभे राहिले.

"आज्ज्याचा हौद हाय ह्यो," बरका म्हणाला.

"व्हय."

"तू फोडलास."

या वेळी दांडा-पातं असं काही बघायला कुणाला वेळ झाला नाही. बूफल्जानं त्याच्या पोटात डोकं घातलं. बरका खाली पडला तो बूफल्जाची मान काखेत घेऊनच, आणि त्यानं त्याचं तोंड तळाच्या चिखलात दाबलं. बूफल्जाच्या नाकातोंडात चिकणमाती गेली. कानात ठोके पडायला लागले. आजोबानं चिकणमाती चांगल्यापैकी आणली होती, एवढा एक विचार त्याच्या मनात आला. मग त्याचा हात बरकाच्या चेहऱ्यावर गेला, दोन बोटं नाकपुड्यांत सापडली, आणि त्यानं ओढलं. बरका ओरडला. मान सुटली. बूफल्जा त्याच्या छातीवर बसला आणि ज्या हाताचा अंगठा शाबूत होता त्या हाताची मूठ करून मारत सुटला. तो थांबला तेव्हा कुणी तरी त्याला मारतंय असं त्याला जाणवलं. तेब्रा होती. हातात खजुराच्या झावळीचा काटेरी बुडखा होता. चार घाव भावाच्या पाठीत, चार नवऱ्याच्या मांड्यांवर, असं ती मोजून वाटत होती.

"आक्का, माझी पाठ."

"ह्येंची मांडी न्हाय व्हय? गप बस. अजून दोन ऱ्हायलेत."

सहाव्या पायरीवरून हाजीनं सगळं ऐकून घेतलं.

"हौद गेला," तो म्हणाला. "हौद मळायला आठ दिवस लागत्यात. तुमच्यापाशी तीन हायेत. तरी चाळिसाव्या दिवशी दुपारच्या जोहरच्या बांगेपासून दिवस कलता अस्रच्या बांगेपर्यंत मी तुमची धार सरळ पाटानं सोडीन. पातळ धार हाय. एक वाफा भिजंल."

"एक? आमी दोघं हाय," बूफल्जा म्हणाला.

"बागा दोन, तर वाफे दोन पाहिजेत. ज्याचा भिजला त्याचं पाणी राहिलं. दुसऱ्याचं मशिदीला."

"मग एक वाफा कुणाचा धरायचा?" बरकानं विचारलं. नाक सुजल्यामुळं त्याचा आवाज मडक्यातून आल्यासारखा येत होता.

"त्ये तुमचं तुमी बघा," हाजी म्हणाला आणि एक पायरी वर सरकला.

चाळिसाव्या दिवशी सकाळी दोन्ही बागांत एकेक वाफा तयार होता. दोघांनीही तो भिंतीच्या अगदी बुडाशी केला होता, कारण पाट भिंतीच्या टोकाशी येत होता आणि जो जवळ त्याला पाणी आधी. बूफल्जाची बाग आता पंधरा पायऱ्या खोल होती. त्यानं काळी माती चाळून अंथरली होती, मेरा ओल्या हातांनी थापल्या होत्या, आणि अंगठ्याला चिंधी असूनही तळ असा सपाट केला होता की त्यावर अंडं ठेवलं तर जागचं हललं नसतं. हद्दानं कांद्याची रोपं ओल्या फडक्यात आणून ठेवली होती.

मग त्याला पलीकडून खरवडल्याचा आवाज आला. बरका भिंतीच्या बुडाखालून भोक पाडत होता. पाटाचं पाणी उतरलं की भिंतीखालून सगळं आपल्याकडं ओढायचा बेत.

"दाजी, भिंत पडंल."

"माझ्या बाजूला पडणार न्हाय. मी बघून खणतोय."

"आवाज बुडातून येतोय, दाजी. तिथं म्या बी खणलंय."

खरवडणं थांबलं. "तू कशाला खणलंस?"

"तुमच्यासारखंच. पाणी वढायला."

यावर बरका काही बोलणार होता, पण भिंत बोलली. दोन्ही बाजूंनी पोखरलेली, माथ्यावर पाच दिवसांच्या वाळूचं ओझं असलेली ती दोन पुरुष उंचीची भिंत सावकाश, एखादा म्हातारा खाली बसावा तशी बसली, आणि जाताना बरकाच्या बाजूला कलली. धूळ उडाली. धुळीत काही दिसेना. धूळ बसली तेव्हा दोन बागांची एकच बाग झाली होती, आणि तिच्या मधोमध, जिथं भिंत होती तिथं, बरकाचं डोकं होतं. बाकीचा बरका खाली होता.

बूफल्जा खोरं घेऊन त्या डोक्यापाशी गेला आणि उभा राहिला. खोऱ्याचं पातं बरकाच्या कानापासून हातभर होतं. बरकानं डोळे वर करून पात्याकडं बघितलं. दोघांनाही एकच गोष्ट सुचली हे दोघांनाही कळलं, आणि त्याबद्दल पुढं कधी कुणी बोललं नाही.

बूफल्जानं खोरं टाकलं आणि हातांनी उकरायला बसला.

तेवढ्यात जोहरची बांग झाली आणि मागोमाग पाटात पाण्याचा आवाज आला. बारीक, सुकी पानं सरकल्यासारखा. हाजीनं धार सोडली होती. दोन्ही वाफे ढिगाऱ्याखाली गेले होते. पाणी धरलं नाही तर ते सरळ वाळूत जिरणार.

बूफल्जाचे हात थांबले.

"आरं, पाणी आलं," बरका म्हणाला.

"आलं."

"मग हितं काय उकरत बसलायस? दारं धर जा."

"तुमी?"

"मी कुठं पळून चाललोय?"

बूफल्जा उठला. "कुठं धरू?"

"माझ्या बाजूला."

"दाजी, तुमची बाजू आता कुठली, ते जरा सांगा."

बरकानं डोकं जेवढं वळतं तेवढं वळवून बघितलं. चहूकडं सारखीच माती. "मग हितंच धर," तो म्हणाला. "माझ्या भवती. माती भुसभुशीत हाय. बिगीबिगी सपाट कर."

बूफल्जानं खोरं उचललं आणि दाजींच्या डोक्याभोवती वाफा आखला. लांबीला दोन हात, रुंदीला दीड. मेरा घातल्या, पाटाला बारं दिलं. पाणी आत आलं, फिरलं, बरकाच्या हनुवटीला लागलं.

"तिकडची मेर पाझरतीया," बरका सांगायचा. "कोपरा दाब. तुला बापानं काय शिकवलं? माती थापायची रं, लाडानं कुरवाळायची न्हाय."

"तोंड मिटा, दाजी. पाणी जाईल."

"माझं तोंड हाय. कोपरा दाब."

पाणी बोटाचं पाऊण पेर झालं. अजून पाव पेर पाहिजे होतं. वरून हद्दानं हाक मारली की हाजी मशिदीपासून निघाला. तेब्रा मागच्या वाटेनं धावत येत होती, हातात तोच बुडखा.

बूफल्जा बोट घालून बघत होता आणि पाण्यावर पुटपुटत होता. मग त्याच्या ध्यानात आलं की बराच वेळ त्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

"दाजी?"

बरकाचे ओठ निळे झाले होते. "छाती," तो म्हणाला. "माती जड झाली. आत वडता येईना." आणि थोड्या वेळानं, "किती झालं?"

"जरा कमी एक पेर."

"मग थांब की."

बूफल्जाला हिशोब समोर दिसत होता. थांबलं तर वाफा भरतो, हाजी बोट घालतो, पाणी राहतं. उकरलं तर मेर फुटते, वाफा जातो, धार मशिदीला, पाच तोंडं त्याची आणि सहा दाजींची. बरकाच्या गळ्यातून चाळणीतून वाळू पडावी तसा आवाज यायला लागला.

"मरायचं तर भांडणात मरा की, दाजी," बूफल्जा म्हणाला. "वाफ्यात काय मरताय?"

आणि त्यानं खोऱ्यानं मेर फोडली. पाणी भसकन निघून गेलं. चाळीस दिवसांचं होतं ते. त्याकडं न बघता तो बरकाच्या छातीशी उकरायला लागला, पात्यानं, मग कोपरांनी, मग दातांनी ओढावं तसं. तेब्रानं बुडखा टाकला आणि नवऱ्याच्या मागं बसून उकरायला लागली. हद्दाही आली. खांदे निघाले, हात निघाले. तिघांनी तीन जागी धरून ओढलं, कुठं तरी एक बरगडी मोडल्याचा आवाज झाला, आणि बरका मडक्याच्या तोंडातून लोणचं निघावं तसा बाहेर आला. तो पडून राहिला आणि खोकत राहिला. पहिला शब्द आला तो "हळू वड, गाढवा" हा.

हाजी लमीन पंधरा पायऱ्या उतरून खाली आला तेव्हा चौघंही चिखलात बसले होते आणि कुठंही वाफा दिसत नव्हता. बूफल्जानं मान वर केली नाही.

"पाणी कुठं हाय?" हाजीनं विचारलं.

"गेलं," बूफल्जा म्हणाला.

"गेलं असतं तर आवाज कुठनं येतोय?"

धार अजून चालूच होती. दारं धरायला कुणी नव्हतं, म्हणून पाण्यानं आपल्या मनानं सगळ्यात खालची जागा शोधली होती, आणि दोन्ही बागांत सगळ्यात खालची जागा म्हणजे बरका जिथून निघाला ते भोक. भिंतीची चिकणमाती विरघळून भोकाला आतून लिंपण झालं होतं. काठोकाठ पाणी उभं होतं. खांद्यांपाशी रुंद, कमरेशी निमुळतं.

हाजी वाकला. डाव्या हाताचं बोट घातलं. मग पंजा घातला. मग कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच विचार करत राहिला.

"रिवाज एका पेराचा हाय," तो म्हणाला. "ह्याला तळ लागंना."

"पर हाजी, ह्यो वाफा न्हवं," बूफल्जा म्हणाला. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"चारी बाजूनं मेर, मधी पाणी. आणिक वाफा कशाला म्हनत्यात?"

"भोक माझं हाय," बरका पडल्या पडल्या म्हणाला. "माझ्या अंगाचं माप हाय. पाणी माझं ऱ्हातं."

"खणलं कुणी? म्या."

"आत कोण होतं?"

बूफल्जाची मूठ वळली. हाजी घाईनं मागं सरकला आणि मोडका हात पाठीशी घेतला.

"भिंत कुठं हाय?" त्यानं लांबूनच विचारलं.

"पडली. दाजींच्या अंगावर."

"मग बाग एक. एका बागेला एक वाफा पुरतो. दोघांचं बी पाणी राहिलं." तो पायऱ्यांकडं वळला. "पर भिंत परत घातली तर बागा दोन व्हतील. मग मी परत बोट घालायला यीन."

हे दोघांनाही नीट समजायला थोडा वेळ लागला. हद्दा आणि तेब्रा यांना लागला नाही. त्यांनी भोकाच्या काठाकाठानं, ओल आहे तोवर, कांद्याची रोपं टोचायला घेतली होती, एकीनं छातीकडून, दुसरीनं पाठीकडून.

मग हौद राहिला. आठ दिवसांचं काम. चिकणमाती, राख, चिरलेलं गवत, आणि ते सगळं पायांनी मळायचं, तासन्‌तास, तळावर उभं राहून. हे एकट्याला जमत नाही, पाय घसरतो. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवायचे आणि गोल गोल तुडवत फिरायचं, अशी आजोबापासूनची रीत होती. तिसरा माणूस यायला कुणी तयार झाला नाही. हाजीचा हात सगळ्या गावानं बघितला होता.

म्हणून ते दोघंच उतरले. बरकाच्या बरगडीला फडकं गुंडाळलेलं, बूफल्जाचा अंगठा बांधलेला. एकानं दुसऱ्याच्या खांद्यांवर हात ठेवले, दुसऱ्यानं पहिल्याच्या. चिखल गुडघ्यापर्यंत होता. तो इतका दाट आणि काळा होता की त्याच्याखाली काय चाललंय ते वरून दिसत नव्हतं.

खालून बूफल्जानं पहिली लाथ घातली. बरकाची नडगी कुठं आहे ते त्याला अंदाजानं ठाऊक होतं.

"सरळ तुडव," बरका दात दाबून म्हणाला आणि त्याची परत केली.

"तुडवतोय की, दाजी."

वरून पाण्याला जाणारे लोक क्षणभर थांबायचे. मेव्हणे-मेव्हणे खांद्याला खांदा देऊन फिरतायत, दोघांच्याही डोळ्यांत पाणी, हे बघून त्यांना बरं वाटायचं.

"देव बळ देवो," लोक म्हणायचे.

"तुमालाबी," दोघं एकदम म्हणायचे, आणि फेर धरायचे.

लाथा जोरात बसल्यामुळं असेल, पण माती अशी मळली गेली की हौद त्यानंतर कधी पाझरला नाही.